यादीतली अनोळखी स्त्री

डब्लिनच्या लिलावघरात कोट परत घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे बहीणभाऊ होते.

"आपल्या खापरपणजीचं चित्र, कॉलमन. आणि यादीत काय, तर 'अनोळखी स्त्री'."

"चित्रकाराचं नाव होतं ना? भाव त्यालाच येतो."

"तिचंही होतं. चौकटीत मागे तिच्या केसांची बट होती, त्या बटेला गुंडाळलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं."

"ते केस किती घाण दिसत होते, नोरीन. विकायच्या आधी साफ करायला नको?"

"आणि चिठ्ठी?"

"केसांबरोबर शेगडीत गेली."

"बरं. मी गेल्यावर चर्चमध्ये माझ्या फोटोची आठवणीची कार्डं वाटशील ना?"

"वाटीन की. सगळेच वाटतात."

"त्यांवर छापखान्याचं नाव घाल. माझं नको."