अंतिम सामन्याआधी बाळाला बसवा म्हणाले

मला सांगा, सामना तोंडावर असताना विश्वास कुणावर ठेवावा? मनाचं शास्त्र शिकलेल्या सरांवर, की खेळणाऱ्यावर?

रत्नागिरीत रंगीत टीव्ही नुकता आला होता तेव्हाची गोष्ट. दुकान सांभाळून मी कबड्डीचा संघही सांभाळत असे. अंतिम सामन्यासाठी मुंबईहून खेळाडूंचं मन तयार करणारे एक सर आणले. ते म्हणाले, "डोळे मिटा. श्वास सोडा. भीती आपोआप जाईल."

आमचा कप्तान बाळा, पूर्णगडचा. तो म्हणाला, "सर, चढाईत श्वास सोडला तर बाद होतो ना आम्ही!"

पोरं खो खो हसली. सरांनी मला बाजूला घेतलं. "शेठ, याचं मन थाऱ्यावर नाही. आज याला बाहेर बसवा."

"बाळा बसला तर सगळा संघ बसेल," मी म्हणालो. "त्यापेक्षा तुम्ही बसा, चहा मागवतो."

मध्यंतराला आम्ही मागे होतो. सर पुन्हा म्हणाले, "डोळे मिटा." बाळाने मिटले नाहीत. हात जोडून त्याने भर मैदानात खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! आमचं मन कच्चं म्हणतात, त्यांना आज आमची चढाई दाखव!"

"व्हय म्हाराजा!" संघ गरजला. त्यात सरांचाही आवाज होता.

बाळाने शेवटच्या चढाईत तिघांना मारून सामना काढला. आता गाव म्हणतं देवाने जिंकवलं, सर म्हणतात मनाने. तुम्ही हे पुढे कुणाला सांगाल तेव्हा हिशोब मात्र चोख ठेवा. चढाई बाळाच्या नावावर मांडा.