वरच्या कुरणावर गीओन कसा गेला

नाव उर्सिना काडुफ, वय ५४ वर्षे, धंदा गुरे पाळणे, राहणार सुरेन्दा गाव, ग्राउब्युंडेन, स्वित्झर्लंड.

ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझा धाकटा भाऊ गीओन असे दोघे राहतो. राहत होतो. उन्हाळ्यात आमच्या गायी वासरांसह वरच्या कुरणावर असतात. डोंगर चढायला येणाऱ्यांची पायवाट त्याच कुरणातून जाते. कुत्रा साखळीने धरावा, अशी पाटी फाटकावर आहे.

काल रविवारी सकाळी आम्ही कुंपणाचे खांब ठोकत असताना शहरातले एक गृहस्थ मोकळा कुत्रा घेऊन आत आले. त्यांचे नाव होल्गर ब्रेमके, हे नंतर कळले. मी म्हणाले, "अहो, कुत्रा बांधा. गायी व्यालेल्या आहेत." ते हसले. "बाई, आम्ही इथं शांततेसाठी येतो आणि ओरडताय तुम्हीच. तो मुंगीलासुद्धा त्रास देत नाही."

कुत्रा वासरांत घुसला. गायी अंगावर येताच तो मालकाकडे पळाला. मालकाने त्याला उचलून छातीशी धरले. गीओन धावत गेला व ओरडला, "सोडा त्याला! गायी त्याच्या मागं आहेत, तुमच्या नाही! सोडा!" मोकळा कुत्रा सहज निसटतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. ब्रेमके यांनी तो सोडला नाही. कुत्र्यासकट ते गीओनच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

पुढचे मी पाहिले आहे. ते डॉक्टरांच्या कागदावर आहे, तिथून घ्यावे.

हेलिकॉप्टर येईपर्यंत मी गीओनचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. ब्रेमके यांनी मला दोनदा विचारले, खाली उतरायला दुसरी वाट आहे का. गीओन दुपारी रुग्णालयात वारला.

आज ब्रेमके यांनी तक्रार दिली आहे की, गाय मारकुटी असून तिला मारून टाकावे. ती कोणती, असे मला विचारण्यात आले. मी ओळखते. सांगणार नाही. ठाण्याचे अंमलदार कास्पर डेगोंडा म्हणाले, "उर्सिनाताई, कायद्यानं सांगावंच लागतं." मी म्हणाले, "मग घाल मला आत, कास्पर. तिनं आपलं वासरू राखलं. ह्यानं माझ्या भावाची ढाल केली. ह्याला कोण मारणार आहे?" संध्याकाळी त्या गायीला मीठ चाटवायला मी स्वतः जाणार आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'अपघात' असा शब्द होता. तो मी उच्चारलेला नाही. माझ्यासमोर खोडला, आता बरोबर आहे.