मिरज ते पलूस, किल्लीविना

(पलूस. देवळासमोरचं बिरदेवचं गॅरेज. दिवस मावळायला आलाय. देवळात कीर्तनाची तयारी चाललीय.)

नाथाजी : न्हाई, न्हाई, पाना खाली ठेव बिरदेवा. असा जवळ ये, ह्या टायरावर बस. आधी गोष्ट ऐक, मग गाडीला हात लाव. अशी गोष्ट तू जल्मात ऐकली नसशील.

बिरदेव : सांगा अण्णा. पण बेतानं सांगा. ही म्हस चौघांनी ढकलत आणलीय, अजून धाप लागलीया मला.

नाथाजी : म्हस कुणाला म्हणतोस रं?

राहीबाई : म्हसच हाय ती. पुढं एवढी थोरली काच, मागं ट्रंकेएवढी डिक्की. गावात पोरं बाजूला सरून वाट देत्यात.

नाथाजी : लांबच्या परवासाची स्कूटर हाय ही. आमच्या पोरानं, वीरधवलनं, दिवाळीत आणून दिली. फौजेत हाय तो. मोटरसायकलवर राहीची कंबर धरायची, म्हणून पाठीला टेकायची गादी असलेली बघून आणली. तवापास्नं आमी नवराबायको गावोगाव कीर्तनाला जातो. घर शेणोलीत, पण बुवा कुठं का उभं राहीनात, आमी हजर.

बिरदेव : ही झाली व्हय गोष्ट?

नाथाजी : दम काढ की! आज वीरधवलची सुट्टी संपली. मिरजेला रेल्वेत बसवायचा हुता. त्यानं गाडी चालवली, आई मागं बसली. मी त्याची पेटी घिऊन एसटीनं गेलो.

राहीबाई : परत जाताना एसटीनं जाऊ म्हणत होते मी.

नाथाजी : मग गाडी काय स्टेशनात टाकायची? मी बसलो गाडीवर, पोरगं पाया पडलं, बटण दाबलं, गाडी सुरू! आन् काय सांगू बिरदेवा, पोरगं हात हलवत मागनं पळत आलं. पार रिक्षा स्टँडापतूर. शाळेत सोडताना बी कधी असं आलं नव्हतं. माझं डोळं भरलं.

बिरदेव : मग?

नाथाजी : मग सांगली, मग हितं. ना खोकली, ना अडली. देवळापुढं लावली, बंद केली. मंडपवाले म्हणले जरा बाजूला घ्या. बटण दाबतो, तर मढ्यावाणी गप! मघाशी जी पळत हुती, तिला आता झालं काय?

बिरदेव : किल्ली द्या बघू.

नाथाजी : हिला किल्ली लावायला भोकच न्हाई. किल्ली नुसती खिशात असावी लागती. गाडीला आपलं आपण कळतं.

बिरदेव : मग खिशातली द्या.

नाथाजी : खिशात... थांब. राही, माझी किल्ली?

राहीबाई : मला काय इचारताय?

नाथाजी : सकाळी पोराला दिली मी. त्यानं दिली का परत? न्हाई दिली. आरं, मग किल्लीबिगर मिरजेसनं पलूसला आली कशी ही?

बिरदेव : अण्णा, माझं डोकं चालंना. म्या असली गाडी पयल्यांदाच बघतोय. पोराला फोन लावा.

नाथाजी : लाव, लाव. मोठ्यानं ऐकू येईल असा लाव.

वीरधवल : आबा! पोचलात का? किती फोन लावले मी! आई कशीय?

नाथाजी : हेल्मेटात फोन ऐकू येतोय व्हय? आमी पलूसला हाय, धड हाय. किल्ली कुठाय?

वीरधवल : माझ्या खिशात.

नाथाजी : मग गाडी आली कशी रं?

वीरधवल : सुरू करताना किल्ली जवळ असली की झालं. मी पाया पडायला वाकलो, तेवढ्यात तुम्ही बटण दाबलं. एकदा सुरू झाली की चालत राहते, बंद केली की संपलं. मी ओरडत आलो तुमच्यामागं. थांबा, थांबा म्हणत.

नाथाजी : तू निरोप देत नव्हतास?

वीरधवल : थांबवत होतो, आबा.

नाथाजी : बरं, असू दे. विसरलास एवढंच ना?

वीरधवल : ...व्हय. विसरलो.

नाथाजी : बघ राही, विसरला. उगंच मी...

राहीबाई : न्हाई विसरला तो.

वीरधवल : आई, राहू दे.

राहीबाई : का राहू दे? आईपायी बापाशी खोटं बोलू नगंस. आवं, किल्ली देऊ नगंस म्हणून मीच सांगितलं त्याला.

नाथाजी : तू?

राहीबाई : मी. मागं टाकारीच्या वळणावर उसाच्या ट्रॉलीला वाट देताना गुडघ्यापायी तुमचा पाय टेकला न्हाई. गाडी आडवी झाली, आन् आपण दोघं उसात. तुमी हसत उठला, मी बी हसले. पर त्यानंतर कीर्तनात माझं ध्यान लागत न्हाई. बुवा काय सांगत्यात, डोक्यात शिरत न्हाई. परत जाताना कुठं पडू, एवढंच.

नाथाजी : मला सांगायचं हुतंस.

राहीबाई : सांगितलं असतं, तर थांबला असता?

नाथाजी : ...न्हाई.

राहीबाई : मग?

नाथाजी : आन् एवढं भ्या वाटत हुतं, तर आज मागं बसलीस कशापायी?

राहीबाई : गाडी सुरू झाली की तुमची! एकट्याला जाऊ देऊ व्हय? पडायचंच तर दोघं पडू म्हणलं.

बिरदेव : काकी, तुमी पोराला पुढं केलं, अण्णा तुमास्नी घिऊन आले, गाडी किल्लीबिगर पळाली. ह्यात बरोबर कोण, मला कळंना.

नाथाजी : मला तर रागवायचं कुणावर हेच कळंना.

वीरधवल : आबा, दुसरी किल्ली घरात आहे. कुठं आहे सांगतो. चालवायची का नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी मध्ये पडणार नाही.

नाथाजी : नगं. सांगू नगंस. सांगितलंस तर माझा हात जाईल. सुट्टीला येशील तवा तूच चालव, मी मागं बसतो. बघू तरी, ती गादी कशी हाय.

वीरधवल : आणि तोवर कीर्तन?

राहीबाई : एसटीनं जाऊ. शेवटची गेली तर देवळात मुक्काम करू. देव काय हाकलून देतोय व्हय?

बिरदेव : आज कशाला मुक्काम? माझा टेम्पो हाय. कीर्तन झालं की शेणोलीला सोडतो. गाडी ऱ्हाऊ दे माझ्या शेडात.

वीरधवल : आई, रेंज जातेय... पोचल्यावर फोन...

राहीबाई : गेला आवाज.

नाथाजी : मृदंग सुरू झाला. चल राही, हात दे. बिरदेवा, तू बी चल. देवळासमोर गॅरेज हाय, पर तू काय आत बसत नसशील.

बिरदेव : आरतीला येतो कवा कवा.

नाथाजी : मग आज आरतीला हात जोडशील तवा एक कर. आमचं काय मागू नगंस. आमी दोघं हाय एकमेकास्नी. त्या पोराची तेवढी आठवण काढ.