शिशाचं झाकण

नियाज : मॅडम, बीम बंद करा.

अनुया : अहो, आत्ता कुठे जमलंय. बघा तरी. कळंबोलीचे ट्रक जेवायला थांबलेत, हादरे नाहीत, चित्र जरासुद्धा हलत नाहीये. तुम्ही मुंबईला गेल्यापासून मी एकटीनं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची फिलामेंट बसवली, बीम मधोमध आणला, आता सोमवारी डायरेक्टरांना दाखवायचं...

नियाज : सगळं बघतो. आधी बंद करा. व्होल्टेज शून्यावर.

अनुया : हं, केलं. असे पांढरे का पडलात?

नियाज : मशीनच्या या उभ्या कॉलमच्या उजव्या अंगाला चार स्क्रूची भोकं दिसतायत? तिथे शिशाचं झाकण असतं. बशीएवढं, जाडजूड. कुठाय ते?

अनुया : चकती आहे की तिथे.

नियाज : ती आतली, ॲल्युमिनियमची. ती हवा अडवते, म्हणून व्हॅक्यूम टिकला आणि तुम्हाला काही कळलं नाही. एक्स-रे ती अडवत नाही.

अनुया : थांबा. म्हणजे मी बुधवारपासून...

नियाज : किती वेळ चालवलात बीम?

अनुया : रोज चार-पाच तास. एक लाख व्होल्टवर. नियाज, तुम्हीच फोनवर म्हणालात, हात बसू द्या, चालवत राहा.

नियाज : म्हणालो. आणि बुधवारी सकाळी लीक शोधायला झाकण काढलं तेही मीच. बाहेर, मशीन आलं त्या पेटीच्या लाकडांवर ठेवलं, तेवढ्यात कंपनीच्या मुंबई ऑफिसचा निरोप आला, निघालो. मशीन बसवायची ही माझी चौदावी वेळ आहे, मॅडम. अशी गलती कधी झाली नाही. पण झाकण गेलं कुठे? शिपायांना विचारतो. आनंदामामा, जरा आत या.

आनंदा : आलो. मशीनच्या पान्याचा काटा बरोबर हाय, आत्ताच बघून भायेर आलो.

नियाज : काटा राहू दे. बाहेर लाकडांवर एक जड चकती होती. काळपट. पाहिलीत?

आनंदा : ती व्हय. ती... मी नेली, सायेब.

अनुया : तुम्ही नेलीत? मामा, कशाला?

आनंदा : चोर नाय मी, बाय. मोठ्या सायबांनी सांगितलेला, पेटीचा भंगार टाकून द्या. मना वाटला त्यातलाच हाय. आमचे जासईला माजा पाग हाय, खाडीत मासं धरायचा. पागाला खालून शिशाच्या गोल्या लागतात, नायतर तो पान्यात बसत नाय. चुलीवर वितलवला नि गोल्या पाडल्या. पयसं भरून देतो मी. पगारातून कापा.

नियाज : पैशाचं नाही हो, मामा. या मशीनमधून विजेचे कण सुसाट येतात. ते धातूवर आपटले की एक्स-रे निघतात. दवाखान्यात फोटो काढतात ना, तेच. त्यांना अडवायला ते शिसं होतं.

आनंदा : मंग बायला लागला काय ते? सांगा ना. लागला काय?

नियाज : मॅडम, खुर्चीवरून उठा, बाहेर बसा. आणि मघापासून पोटावर हात का धरलाय?

अनुया : तिसरा महिना आहे.

नियाज : या अल्लाह.

अनुया : इथे कुणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मशीन माझ्या जोडीच्या शार्दूलकडे गेलं असतं, आणि मला म्हणाले असते, तुम्ही लायब्ररी बघा. दोन वर्षं वाट पाहिली मी या मशीनची. मागच्या वेळी नवव्या आठवड्यात गेलं, नियाज. या वेळी दहावा पार पडला म्हणून सासूबाईंनी परवा शिरा केला. त्यांना काय सांगू मी?

नियाज : अजून काही सांगायचं नाही. आधी मोजूया.

अनुया : कशानं? मीटर मुंबईला. किरण मोजायला अंगावर लावायचे बॅज अजून आलेच नाहीत. शनिवार दुपार, फोन उचलायलासुद्धा कुणी नसेल.

नियाज : टपाल नाक्यावर दातांचे एक डॉक्टर ओळखीचे आहेत. दाढेत धरायच्या एक्स-रे फिल्म असतात त्यांच्याकडे, काळ्या कागदात बंद. दोन मागून आणतो. एक तुमच्या खुर्चीवर पोटाच्या उंचीला, एक त्या उघड्या चकतीसमोर. दोन्हीवर सेफ्टी पिन चिकटवायची. खोलीत कुणी थांबायचं नाही, दहा मिनिटं बीम चालू ठेवायचा. किरण लागले असतील तर फिल्म काळी होईल आणि पिनेची जागा तेवढी पांढरी राहील.

अनुया : आणि नसतील तर?

नियाज : तर कोरी निघेल. मी येईपर्यंत खोलीला कुलूप घाला.

(तासाभरानंतर. मायक्रोस्कोपच्या बंद खोलीबाहेरचा, वळणापलीकडचा पॅसेज. आत बीम चालू आहे.)

अनुया : किती झाली?

नियाज : तीन मिनिटं.

अनुया : मला भीती वाटते. एम.एस्सी.ला हेच शिकले, पुढे शिकवलंसुद्धा. आता एक ओळ आठवत नाहीये. किती झाली?

नियाज : साडेतीन.

आनंदा : बाय, तुमी कायतरी खाल्ला काय सकालपासून? बिस्किटं आनू?

अनुया : नको, मामा.

आनंदा : मना म्हाईत होता. तुमचा.

अनुया : काय माहीत होतं?

आनंदा : म्हयन्यापूर्वी तुमी चा सोडलात. वासानं तोंड फिरवायच्यात. आमचे लेकीला, सत्यवतीला दोन पोरी झाल्या, बापाला कलतो तेवढा. कुनाला बोललो नाय. बायमानसानं सोता सांगेपर्यंत बोलू नये.

अनुया : म्हणून तुम्ही मला पेटीच्या लाकडाला हात लावू देत नव्हतात.

आनंदा : आन तो पान्याचा काटा. तो पार खाली भिंतीशी, वाकल्याबिगर दिसत नाय. तुमी सारख्या खुर्चीवरून उठून वाकायला जायच्यात. म्हनून मीच तिथं स्टूल टाकला. बाय खुर्चीवर, मी स्टुलावर. पानी कमी झाला तर मशीन जलंल, असा तुमीच सांगितलेला.

नियाज : कुठल्या बाजूला म्हणालात, मामा?

आनंदा : ही काय, उजव्या अंगाला.

नियाज : रोज?

आनंदा : मशीन चालू असला की बसायचा. जेवनसुद्धा तिथंच.

अनुया : नियाज, हे का विचारताय?

नियाज : काही नाही. दहा होत आली. मी बंद करून फिल्म घेऊन येतो, तुम्ही डार्करूममध्ये चला. मामा, तुम्ही दाराबाहेर थांबा. उजेड आत येता कामा नये.

(डार्करूममध्ये.)

अनुया : दार लागलं? दिवा लाल केलाय.

नियाज : लागलं. ही पहिली, तुमच्या खुर्चीवरची. डेव्हलपरमध्ये टाकतोय.

अनुया : मला बघवत नाही. तुम्हीच बघा आणि खोटं बोलू नका.

नियाज : खोटं कशाला बोलू? माझ्या घरी बायकोला, अस्माला सातवा महिना आहे. दोन मिनिटं होऊ द्या.

अनुया : झाली असतील.

नियाज : एक झालं.

अनुया : मामा बाहेर काय पुटपुटतायत?

नियाज : एकवीरेला नवस बोलतायत. तुमच्यासाठी. हं, काढली. मॅडम, डोळे उघडा.

अनुया : पिन दिसते?

नियाज : नाही. कोरी आहे. पाण्यासारखी स्वच्छ. तुमची खुर्ची समोर होती, भोक बाजूला. तुमच्यापर्यंत काही आलेलं नाही.

अनुया : परत बघा.

नियाज : तुम्हीच धरा, दिव्यासमोर.

अनुया : नाही दिसत. खरंच नाही दिसत. नियाज, मला रडू येतंय, तिकडे बघा जरा.

नियाज : रडा. मी दुसरी टाकतो.

अनुया : ती कुठे ठेवली होती?

नियाज : भोकासमोर, दोन-अडीच फुटांवर.

अनुया : तिथे तर... ही लगेच काळी पडायला लागली.

नियाज : हो.

अनुया : पिन दिसते. टोकसुद्धा दिसतं. नियाज, तुम्ही ही स्टुलावर ठेवली होती?

नियाज : तेव्हा मला माहीत नव्हतं तिथे कोण बसायचं. रिकामं स्टूल दिसलं म्हणून ठेवली.

अनुया : तिथे मी बसले असते. पाण्याचा काटा बघायचं काम माझं होतं.

नियाज : किती लागले ते फिल्म सांगत नाही. कदाचित फार नसतील. मीटर आणू, उद्याच मोठ्या डॉक्टरांकडे नेऊ, रक्त तपासू. सोमवारी मशीन कुणाला दाखवायचं नाही. झाकण मी उघडं सोडलं, तसं मी लिहून देतो. शिसं कुणी नेलं, ते लिहिणार नाही.

अनुया : माझी कोरी निघाली तेव्हा मला इतका आनंद झाला. अजूनही आहे, जात नाहीये तो. कसं तोंड दाखवू मी त्यांना?

नियाज : मी सांगू का?

अनुया : नको. मी सांगते. दार उघडा.

आनंदा : काय झाला, बाय? सांगा लवकर.

अनुया : माझी कोरी आहे, मामा. काही झालेलं नाही.

आनंदा : आईनं राखला. नारल फोडून येतो मी. मंग आता रडता कशाला? आन ती दुसरी, काली... ती कुनाची?

अनुया : बसा, मामा. इथे माझ्याजवळ बसा.