शार्दोने चाखायला आलेला पाव्हणा

...आन् मला सांगा, पाव्हणा दारात थुंकला तर माणसानं काय त्याची आरती ओवाळावी? हाणणारच की! तुम्हाला सांगतो, चूक कुणाचीच न्हाई, पण आधी सांगायचं न्हाई का?

आता आमचे गुरुबसप्पा. औशाच्या अलीकडं सहा एकर माळ, त्यावर शार्दोने द्राक्षाचा मळा, त्याचीच पांढरी वाईन, आन् मालक कसा? गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती, जन्मात दारूचा थेंब जिभेला न्हाई! पोरगी सृष्टी नाशिकला वाईन करायला शिकून आली, म्हणून हा सगळा उद्योग. जमीन आईच्या नावची, म्हणून बाटलीवर आईचं नाव... लक्ष्मम्मा! आन् सहा वर्षं या माणसाला एकच घोर, आपली वाईन चांगली हाय का वाईट? स्वतःला चाखता येईना. गावात विचारावं तर गाववाले आख्खी बाटली संपवून म्हणणार, "अप्पा, एकीवर कसं कळंल?" म्हणून पोरीनं पुण्याहून चाखणारा साहेब बोलावला. खरं ते तोंडावर सांगणारा माणूस. गुरुबसप्पाला आठ दिवस झोप न्हाई!

सकाळी साहेब आला. ओसरीवर टेबल, टेबलावर पेले, टेबलाखाली सृष्टीनं ठेवलेली स्टीलची बादली. पोरगी दुसऱ्या टाकीतली वाईन आणायला मागं गेली, आन् इकडं धाकटे बंधू चंद्रप्पा, जुने पैलवान, म्हणतात, "पाव्हण्याच्या पायात बादली कुणी ठेवली बे?" उचलली आन् म्हशीला पाणी पाजायला नेली! साहेबानं पेला फिरवला, त्यात नाक घातलं, घोट घेतला, तोंडात खुळखुळ खुळखुळ... गुरुबसप्पा श्वास रोखून उभे... साहेब खाली बघतोय, बादली न्हाई. इकडं बघतोय, तिकडं बघतोय, गाल फुगलेले... आन् पचाक्! उंबऱ्यापुढच्या रांगोळीवर!

पोरीनं सगळ्यांना बजावलेलं बरं का, चपला नीट ठेवा, साहेबापुढं ढेकर देऊ नका... पण हे? आधी सांगायचं न्हाई का?

चंद्रप्पा नेमके त्याच वक्ताला परतले. "माझ्या मायच्या नावावर थुंकतोस?" आन् जी कानफटात दिली म्हणता... साहेब टेबलासकट पालथा! पेले फुटले, बाटल्या फुटल्या, नुसती काच आन् वाईन. साहेब बिचारा उठत म्हणतो, "अहो, ही पद्धत आहे, पद्ध..." धाड! दुसरी. दात ओठात घुसला, पांढरा सदरा लाल. ऐंशी वर्षांच्या लक्ष्मम्मांनी आतनं तांब्या भिरकावला, तो लागला कुणाला? चंद्रप्पाला! कपाळ फुटलं. चंद्रप्पाला वाटलं साहेबानंच मारलं, मग काय, उचलून खांबावरच आपटलं! खांब हालला, साहेबाची बरगडी हालली. आन् गुरुबसप्पा? मुंगी मारली न्हाई हो कधी त्या माणसानं, त्यांनी पायताण काढलं! "सहा वर्षं जपली रं मी... गिळवंना व्हय तुला?" फटाक्! फटाक्!

सृष्टी हातातली बरणी टाकून धावत आली. "अप्पा! सोडा त्यांना! थुंकतातच! चांगली असली तरी थुंकतात! दिवसाला चाळीस चाखायच्या, गिळल्या तर चढंल न्हाई का?"

चंद्रप्पाच्या मुठीत साहेबाची गचांडी तशीच. अगं बाई, पण हे आधी सांगायचं न्हाई का?

मग पाणी, हळद, माफी. गुरुबसप्पानं साहेबाचे पाय धरले, डोळे भरून आले, लई लाज वाटली त्यांना. पण जीव अडकलेला कुठं? हळूच वाकून विचारलं, "साहेब... कशी हाय?"

साहेबानं एकदा चंद्रप्पाकडं बघितलं आन् सुजल्या ओठानं म्हणाला, "उत्तम! देशात अशी नाही!"

"खरं सांगा की."

"आईशप्पथ उत्तम!" म्हणत म्हणत साहेब गाडीत बसला पण.

तवापासून तीन चाखणारे येऊन गेले. बोभाटा पार पुण्यापर्यंत गेलेला, आता कोण थुंकतंय? पेला ओठाला लागायच्या आधीच "उत्तम!" आन् गटागटा गिळतात. परवा तर गुरुबसप्पा एकाच्या हातापाया पडले, "मालक, थुंका हो... रांगोळीवर थुंका, पण खरं सांगा!"

त्यानं घाबरून आख्खी बाटली संपवली.