प्रेषितासाठी दार

इस्रायलमधल्या हैफातल्या त्या किराणा दुकानात ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या आदल्या दिवशी रांग काही हलत नव्हती. ओफ्राच्या पुढे दोन म्हाताऱ्या बहिणी बेखमीर भाकरीचे पुडे पोटाशी धरून कुजबुजत भांडत होत्या. कुजबुज कसली, अख्खं दुकान ऐकत होतं.

"ताई, उद्या सणाच्या जेवणात एलियाहू प्रेषित घरात यावा म्हणून दार उघडतात ना, ते मी उघडणार."

"दरवर्षी मीच उघडते, फ्रीमा."

"अगं, तू प्रायश्चित्ताच्या उपासाला कोंबडी खातेस!"

"खाते. नाझींच्या छावणीत देवाला हाका मारमारून घसा बसला माझा, तेव्हा कुठे होता तो?"

"मग प्रेषिताच्या दाराशी कशाला तडमडतेस?"

"प्रेषितासाठी नाही जात मी."

"मग कुणासाठी?"

"आपलं शेंडेफळ, लेइबूश. त्याला मरताना कुणी बघितलंय?"

"ताई, फलाटावर त्याला दुसऱ्या रांगेत ढकललं. त्या रांगेतलं कुणी परत आलं का?"

"तू बघितलंस का मरताना?"

"नाही गं. पण असता तरी आता पंचाहत्तरीचा असता. गुडघे गेले असते त्याचे."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर तळमजल्यावर घर घेतलं."