उणे पाणी

...आणि बरं, चूक म्हणाल तर बारीकच होती, तुम्हाला सांगतो, पण ती सापडेपर्यंत मी अख्ख्या बेटाचं पाणी उणे करून ठेवलं होतं, उणे, म्हणजे नाही असं नाही, नाहीच्याही खाली! आणि मी काय कमी हौसेनं परतलो होतो? ऑकलंडला शिकलो, तिथली नोकरी नाकारली, म्हटलं आपली किरिबाटीची बेटं समुद्रात बुडतायत आणि आपण इथे काय करतोय?

काम सोपं हो. आमच्या वाळूखाली खाऱ्या पाण्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतं, सायीसारखं. बेटाचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येकाखाली साय किती जाड ते घ्यायचं, लांबीभर आणि रुंदीभर बेरीज. दुहेरी इंटिग्रेशन! तारेआ मावशीच्या बेटावर विहिरी खारावल्यात, तिची माणसं इकडे राहायला यायची म्हणतात, तर पाणी पुरेल का, एवढंच सभाघरात सांगायचं होतं. मी सांगितलं... उणे.

गावातले सगळ्यात वडीलधारे काउरे आजोबा चटईवरून म्हणाले, "उणे म्हणजे काय रे, साहेब? समुद्राला आपण पाजायचं?"

हसले हो सगळे, दात नसलेले जास्त हसले. पण आमच्याकडे डावं-उजवं म्हणतं कोण? आत सरक, बाहेर सरक. आत म्हणजे आतला शांत समुद्र, बाहेर म्हणजे लाटा फुटतात तो. मी सवयीनं कॉम्प्युटरला बेरजेची हद्द दिली आतून बाहेर, आणि अंतरं मोजलेली बाहेरून आत. कॉम्प्युटर उलटा चालत गेला, उत्तर उलटं आलं. बारीकच चूक.

सुधारली. तर पाणी एवढं निघालं, एवढं निघालं, की आजोबा उठून नाचले. म्हणाले, "बोलवा तारेआला! पोरगा शिकला ते कामी आलं!" त्याच दुपारी रेडिओवरून निरोप गेला, तिकडे माणसं चटया गुंडाळून बोटीत बसलीसुद्धा.

आणि मग मी नकाशा बघतो... आमचं बेट गळासारखं वाकडं, आणि मी रुंदी दिली सगळीकडे एकच, सरळ! अहो, वाकणातला आतला समुद्र अख्खा चौकटीत! कॉम्प्युटरला काय, चौकटीत आलं ते गोडं! बारीक... नाही का? प्रत्येक ठिकाणची हद्द वेगळी दिली, चौकोन आणखी बारीक केले, दुसऱ्या पद्धतीनं ताडून पाहिलं, तिसऱ्या पद्धतीनं पाहिलं, देवाशपथ, चूक सापडावी म्हणून इतकी धडपड मी परीक्षेतही केली नव्हती. उत्तर हलेना. पाणी आमच्यापुरतं, तेही पाऊस झाला तर.

आजोबांना सांगितलं. ते पायाचा अंगठा चोळू लागले. मग हळूच म्हणाले, "बाळा, मागचं उत्तर बरं होतं. तेच नाही का ठेवता येणार?"



तेवढ्यात रेडिओ खरखरला. मावशी. मधल्या बेटावर बोट थांबलीय, आवाज कसला आनंदात... "पोरा, तुझ्यामुळे सुटलो रे आम्ही! रिकाम्या हाती कसं यायचं? सांग, येताना काय आणू?"

मी म्हटलं, "मावशी, पाणी आण."